रोझॅन कॅश यांचा ‘द लिस्ट’ : पित्याच्या श्रवणाचा वारसा

थोर गायक-पित्याला अपत्याने वाहिलेली आदरांजली हा अमेरिकन कंट्री संगीतातील एक रूढ प्रकार आहे. त्याचा संकेत साधा असतो : वडिलांची गाजलेली गीते मुलाने अगर मुलीने आपल्या आवाजात गावयाची. पॅम टिलिस यांनी २००२ साली ‘इट्स ऑल रिलेटिव्ह’ या अल्बममध्ये वडील मेल टिलिस यांची गीते गायली, ती याच संकेतानुसार. रोझॅन कॅश यांचा २००९ मधील ‘द लिस्ट’ मात्र या चौकटीत बसत नाही. जॉनी कॅश यांच्या स्मृतीशी निगडित असलेल्या या अल्बमच्या बारा गीतांत खुद्द जॉनी कॅश यांनी रचलेले एकही गीत नाही. प्रस्तुत लेखात या अनुपस्थितीचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अल्बमची जन्मकथा सर्वश्रुत आहे. आईवडील विभक्त झाल्यानंतर रोझॅन कॅलिफोर्नियात आईजवळ वाढल्या. त्यांचे कान घडले ते बीटल्सच्या आणि तत्कालीन रॉक संगीताच्या संस्कारात. १९७३ मध्ये शालेय शिक्षण संपवून त्या वडिलांच्या दौऱ्यात सामील झाल्या. प्रवासात वडील एकामागून एक जुन्या गीतांचा उल्लेख करीत आणि अठरा वर्षांच्या मुलीला ती ठाऊक नसत. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या जॉनी कॅश यांनी शंभर आवश्यक कंट्री गीतांची यादी लिहून तिच्या हाती दिली. एका अर्थाने तो अभ्यासक्रमच होता. तो ध्वनिमुद्रित होण्यास छत्तीस वर्षे लागली.

हा विलंब आकस्मिक मानता येत नाही. कॅश या आडनावाच्या छायेबाहेर स्वतःची ओळख निर्माण करणे ही रोझॅन यांच्या कारकिर्दीची प्रारंभापासूनची प्रेरणा होती. १९८१ च्या ‘सेव्हन इयर एक’ने त्यांना ती ओळख दिली, पुढे त्यांची अकरा गीते कंट्री सूचीत अग्रस्थानी पोहोचली. त्यांपैकी एक होते ‘टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स’. ही वडिलांचीच रचना. परंतु १९८७ मध्ये ते मुद्रित करताना ते परंपरागत लोकगीत असावे अशी रोझॅन यांची समजूत होती. पित्याचे गीत पित्याचे आहे हे ठाऊक नसताना गायले गेले आणि दोन दशकांनंतर परक्यांची गीते पित्याची म्हणून गायली गेली. या दोन घटनांमधील अंतर हेच ‘द लिस्ट’चे खरे आशयसूत्र आहे. मधल्या काळात, २००३ मध्ये, जॉनी कॅश आणि रोझॅन यांच्या सावत्र आई जून कार्टर यांचे, तर २००५ मध्ये आई व्हिव्हियन यांचे निधन झाले. २००६ च्या ‘ब्लॅक कॅडिलॅक’मध्ये या मृत्यूंचा शोक स्वरचित गीतांतून व्यक्त झाला होता. शोकाचे काम तेथे झालेले असल्यामुळेच ‘द लिस्ट’ला वेगळे काही करणे शक्य झाले.

या दृष्टीने ‘शीज गॉट यू’ हे गीत विशेष विचारात घेण्याजोगे आहे. हँक कॉक्रन यांची ही रचना पॅट्सी क्लाइन यांनी १९६२ मध्ये लोकप्रिय केली. प्रियकराचे छायाचित्र, एकत्र ऐकलेल्या तबकड्या, अंगठी हे सारे निवेदिकेजवळ आहे. तो मात्र दुसरीचा झाला आहे. शब्दार्थाने हे निखळ प्रेमवैफल्याचे गीत होय. परंतु वडिलांच्या हस्ताक्षरातील कागद जपणारी मुलगी ते गाते, तेव्हा वस्तू उरणे आणि माणूस न उरणे या कल्पनेला वेगळीच धार येते. रोझॅन यांनी त्यासाठी सुरात कोठेही गहिवर आणलेला नाही. हा संयम त्यांच्या गायकीचा मोठा गुण आहे.

‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ची निवडही तितकीच बोलकी आहे. बॉब डिलन यांनी १९६९ च्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’मध्ये हे आपले गीत जॉनी कॅश यांच्यासमवेत गायले होते. ‘द लिस्ट’मध्ये अन्यत्र ब्रूस स्प्रिंगस्टीन, एल्व्हिस कॉस्टेलो, रूफस वेनराइट असे सहगायक आहेत, येथे मात्र रोझॅन एकट्या आहेत. त्या सुप्रसिद्ध युगुलगीतातील पित्याची जागा कोणालाही दिलेली नाही.

सगळीच गीते या उंचीवर पोहोचत नाहीत. निर्माते व रोझॅन यांचे पती जॉन लेव्हेंथल यांची वाद्ययोजना सुघड आहे. किंबहुना काही ठिकाणी ती गरजेपेक्षा अधिक सुघड आहे. ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२७ मध्ये ‘मदरलेस चिल्ड्रन’मध्ये जो खरखरीत आकांत ओतला, त्याचा मागमूस येथे नाही. ‘लाँग ब्लॅक व्हेल’ हे फाशी गेलेल्या निरपराध पुरुषाचे थडग्यातून केलेले निवेदन आहे. जॉनी कॅश यांनी ते १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायले, तेव्हा त्यातील मृत्यू समोर बसलेल्या श्रोत्यांना परका नव्हता. जेफ ट्वीडी यांच्या साथीने गायलेल्या नव्या आवृत्तीत तेवढी निकड जाणवत नाही. निव्वळ प्रसिद्ध नावांची संगत हा आदरांजलीपर अल्बमचा जुना मोह आहे आणि ‘द लिस्ट’ त्यापासून पूर्णतः मुक्त नाही.

तथापि, निवडीतून जॉनी कॅश यांची कंट्री संगीताविषयीची व्यापक धारणा स्पष्ट होते. जिमी रॉजर्स, हँक स्नो आणि मर्ल हॅगार्ड यांच्या शेजारी कृष्णवर्णीयांचे भक्तिसंगीत आणि डिलन यांचे गीत तिला वर्ज्य नाही. बाजारपेठेने आखलेल्या कंट्रीच्या कुंपणाहून हे क्षेत्र निश्चितच मोठे आहे. अल्बमची अखेर ‘बरी मी अंडर द वीपिंग विलो’ने होते. कार्टर कुटुंबाने १ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल येथे मुद्रित केलेले हे पहिले गीत. त्या त्रयीतील मेबेल कार्टर या जून कार्टर यांच्या आई. वडिलांच्या दौऱ्यात मेबेल आणि त्यांच्या कन्या हेलन यांच्याच सहवासात रोझॅन ही जुनी गाणी प्रत्यक्ष शिकल्या होत्या. यादी कागदावर होती. ती गळ्यात उतरवण्याचे काम या स्त्रियांनी केले. अल्बम प्रसिद्ध करताना रोझॅन यांनी संपूर्ण यादी मात्र जाहीर केली नाही.