हेडफोनची पारख आणि कानाची साक्ष

बाजारात हेडफोन पुष्कळ आहेत आणि त्यांची स्तुती करणारेही पुष्कळ आहेत. परंतु दोन हेडफोन समोर ठेवून त्यांतला खरा कोणता हे ठरवावयाचे झाल्यास त्यांवर ऐकावे काय, या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. साक्षीदार कितपत विश्वसनीय आहे हे पाहावयाचे, तर ज्या गोष्टीचे सत्य आपणांस अन्य मार्गाने ठाऊक आहे तीच त्याला प्रथम विचारावी लागते. हेडफोन हाही एक साक्षीदारच आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. गतवर्षी आम्ही एक हेडफोन घेतला आणि मोठ्या श्रद्धेने त्यावर सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी लावली. केसरबाई फोंडे महालातील केरीच्या, आमच्या पेडण्यातील केरीच्या नव्हेत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठविली, तिच्यात हीच भैरवी आहे. आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. अशा गाण्यावर ज्याची परीक्षा होईल तो हेडफोन उत्तमच ठरला पाहिजे, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात आवाज कोंदट वाटला, मागे खरखर, आणि तंबोरा जवळजवळ नाहीच. आम्ही तो हेडफोन पुतण्यास देऊन टाकला आणि दुप्पट किंमतीचा आणला. त्यावर खरखर अधिक स्पष्ट ऐकू आली!

दोष हेडफोनचा नव्हता. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि स्वराला उजळा देणारी अतिसूक्ष्म कंपने तिच्यात पुरतेपणी उतरत नसत. पहिल्या हेडफोनने जे होते ते सांगितले, आणि आम्ही सत्य बोलणाऱ्यालाच शिक्षा केली. थोर गाणे आणि थोर ध्वनिमुद्रण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केसरबाईंच्या आवाजाची घनता आणि आकाराचा अखंडपणा हेडफोन कसा पोहोचवितो, एवढे त्या भैरवीवरून जरूर पाहावे. हेडफोनची सारी कक्षा तिच्यावरून मापू नये.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. आजची पुष्कळशी गाणी अशी घोटून गुळगुळीत केलेली असतात की त्यांत हळू असे काही उरतच नाही. सारेच एका उंचीवर ठाकलेले. ती कोणत्याही हेडफोनवर झकास वाटतात, आणि म्हणूनच पारखण्यास निरुपयोगी होत. ज्या प्रश्नास प्रत्येक साक्षीदार एकच उत्तर देतो, त्याने खरेखोटे निवडता येत नाही.

मग चांगला प्रश्न कोणता? येथे जर्मनीतील एक उदाहरण बोधप्रद आहे. एमपीथ्री ही ध्वनी आटवून साठविण्याची पद्धत घडविताना संशोधक कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीस घेतले ते वाद्यवृंदाचे गडगडाटी संगीत नव्हे, तर १९८७ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील सुझॅन व्हेगा या गायिकेचे साथीविना गायिलेले एक साधे गीत. एकट्या मानवी आवाजात लपावयास जागा नसते, आणि तो आवाज कसा असतो हे प्रत्येक कान जन्मापासून जाणतो.

आपल्याकडील ध्वनिमुद्रिकांत १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आम्ही या कामी आवर्जून सुचवू. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार तीत आहे. संतूरच्या तारेवर पडलेला आघात आणि त्यामागून विरत जाणारा नाद हे दोन्ही निरनिराळे ऐकू यावेत, बासरीत फुंकेचा श्वास लागावा, आणि प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेले भासावे. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे: दोन्ही हेडफोनांचा आवाज प्रथम सारखा करून घ्यावा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच अधिक चांगला भासतो, आणि मोठेपणालाच सत्य समजण्याची खोड कानालाही आहे.

तथापि आमच्या गावच्या वाचकास याहूनही चोख कसोटी घराजवळ उपलब्ध आहे. आमचा पुतण्या पुण्यात वाढलेला. चवथीस कोरगावी आला तेव्हा त्याने आमचा तो महाग हेडफोन कानांस लावून घुमट-आरतीचे एक ध्वनिमुद्रण ऐकले आणि उद्गारला, “काका, आयक, घुमट कसो गडगडता!” आम्ही काहीच बोललो नाही. संध्याकाळी आरतीस त्याला घुमट वाजविणाऱ्याच्या शेजारी उभे केले. मडक्याच्या मागल्या तोंडावर हात झाकता-उघडता नाद कसा वळतो, चामड्यावर बोट पडताच प्रथम टणत्कार येतो व मग हुंकार, झांजेचा नाद आघातानंतरही कसा लांबत राहतो, हे त्याने कानांनी पाहिले. घरी येऊन त्याने दोन्ही हेडफोन पुन्हा लावले आणि आम्ही दिलेला स्वस्तातला निमूटपणे आपल्या पिशवीत ठेवला. महागातला घुमटाचा हुंकार फुगवून त्याचा गडगडाट करीत होता, आणि झांजेची नुसती सळसळ.

आमचे म्हणणे ते एवढेच. हेडफोनची कसोटी अखेर ध्वनिमुद्रणाने होत नाही. मूळ नाद जाणणाऱ्या कानाने होते. ज्याने पखवाजाची कणीक लावलेली बाजू जवळून ऐकली आहे, त्याला खर्जाच्या नावाखाली कोणी धबधबा विकू शकत नाही. तो कान श्रीकमलेश्वराच्या सभामंडपात, भजनात, दशावतारी नाटकाच्या रात्री फुकट तयार होतो. पण तेथे जाऊन बसले पाहिजे.

आणि येथेच आमची एक तक्रारही आहे. आज भजने टिपली जातात ती कर्ण्याजवळ धरलेल्या मोबाइलवर. असे यंत्र बहुधा आपण होऊन मोठा आवाज दाबते व लहान वर ओढते. मग अभंगाचा हलका उठाव आणि शेवटचा गजर एकाच मापाचे होतात. आमचे वृद्ध भजनकार आज गात आहेत. एका रात्री कर्णे बंद ठेवावेत, चांगले ध्वनिमुद्रक गायकासमोर चार हातांवर ठेवावे, झांज फाटणार नाही इतकी पातळी खाली घ्यावी, आणि मूळ मुद्रण न आटविता देवस्थानाच्या दप्तरी जपून ठेवावे. उद्या मंडप नवा होईल, गळे नवे येतील. त्या वेळी कोणी पुतण्या हेडफोन पारखावयास बसला, तर त्याच्या हाती निदान एक खरी साक्ष असावी.