जनपदनिरुत्ती आणि शब्दशुद्धीचा आग्रह

रोजच्या बोलण्यातील एखादा शब्द बदलला की समाजातील काही मंडळी अस्वस्थ होतात. मृत्युवार्तेत 'कैलासवासी'च्या जागी 'कालकथित' आले, लग्नपत्रिकेवर 'शुभविवाह' न छापता 'मंगल परिणय' छापले गेले, 'धर्म' न लिहिता 'धम्म' लिहिला जाऊ लागला, तेव्हा ही अस्वस्थता मराठी समाजाने अनुभवली आहे. तिच्या मुळाशी साधारणतः तीन आक्षेप असतात. पहिला, अशाने भाषा बिघडते. दुसरा, चालू शब्द असताना नव्याचा अट्टाहास कशासाठी? तिसरा, शब्द बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. प्रस्तुत लेखात या तीनही आक्षेपांची तपासणी करावयाची आहे. मात्र ही तपासणी केवळ इतरांच्या चिडीची करून भागणार नाही. शब्द बदलल्यावर चिडणारी माणसे आपल्या विहारांतही आहेत, आणि त्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे.

भाषा बिघडते, ही तक्रार

ही तक्रार किती जुनी आहे, हे विनयपिटकातील चुल्लवग्गावरून कळते. यमेळ-केकुट या नावाने उल्लेखिलेले दोन भिक्खू तथागतांकडे आले. ते जन्माने ब्राह्मण होते आणि त्यांची वाणी सुसंस्कृत होती. त्यांचे गाऱ्हाणे असे की, नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे व कुळांचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करीत आहेत. यावर त्यांनी उपायही सुचविला होता. बुद्धवचन छंदसात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत, बांधून ठेवावे. तथागतांनी ही सूचना फेटाळली, तसे करणे हा दुक्कट नावाचा दोष ठरविला आणि 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांचा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी 'बुद्धांची स्वतःची भाषा, म्हणजे मागधी' असा केला आहे. अनेक आधुनिक अभ्यासक तो 'शिकणाऱ्याची स्वतःची बोली' असा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी छंदसाची मागणी नाकारली गेली, हे निर्विवाद आहे.

या प्रसंगातील तक्रारीची रचना पाहण्यासारखी आहे. भाषा दूषित होते असे सांगताना तक्रारकर्त्यांनी प्रथम बोलणाऱ्यांची नावे, गोत्रे, जाती व कुळे मोजली. उच्चाराचा दोष सांगण्यापूर्वी त्यांनी उच्चारणारा कोण, हे सांगितले. आजही 'अशुद्ध भाषा' हा शेरा बहुधा वस्तीवर पडतो, वाक्यावर नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. या नियमांना पिढ्यान्‌पिढ्या 'शुद्धलेखन' म्हटले गेले. आता जाणते शिक्षक 'प्रमाणलेखन' म्हणू लागले आहेत. लेखनात एकसारखेपणा असावा हे योग्यच आहे. परंतु ज्या समाजाने 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द पाणवठ्यावर भोगले, त्याच्या मुलाच्या वहीवर तेच शब्द लिहिताना थोडा विचार व्हावयास हवा होता. 'प्रमाण' या शब्दाने नियम शिल्लक राहतो आणि विटाळ जातो.

शिवाय शुद्ध म्हणजे किती शुद्ध? विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने फारसी-अरबी शब्दांविरुद्ध मोहीम उघडली. 'तारीख' शब्दाला 'दिनांक' हा पर्याय रुजला, 'महापौर' तर इतका रुळला की तो कधी काळी नवा होता हे आज कोणाला आठवत नाही. पण वकील, कायदा, जाहीरनामा हे शब्द गेले नाहीत. आणि 'साहेब' हा अरबी मुळाचा शब्द काढून टाकावयाचा म्हटले, तर आपल्या सर्वांत प्रिय संबोधनाचा निम्मा भाग काढून टाकावा लागेल. भाषा अशीच घडते. तिच्यात परके काय आणि आपले काय, हे वापराने ठरते.

नव्याचा अट्टाहास कशासाठी?

दुसऱ्या आक्षेपाचा विचार करताना मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्त मार्गदर्शक ठरते. 'अरण' म्हणजे जेथे कलह नाही ती स्थिती. कलह टाळण्याच्या उपायांत तथागतांनी भाषेविषयीचा एक नियम सांगितला आहे. जनपदनिरुत्तीचा, म्हणजे प्रदेशाच्या बोलीचा, हट्ट धरू नये आणि समञ्ञा, म्हणजे लोकमान्य संज्ञा, ओलांडून धावू नये. उदाहरण अगदी घरगुती आहे. एकाच भांड्याला कोठे 'पाती' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव', कोठे 'पोण'. जो 'माझाच शब्द खरा, इतर व्यर्थ' असे म्हणतो, तो कलह निर्माण करतो. जो समोरच्या लोकांचा शब्द ओळखून त्यानुसार व्यवहार करतो, तो अरणमार्गाने जातो.

हा नियम दुहेरी आहे. जुन्या शब्दाला चिकटून बसणाऱ्यास तो जसा लागू आहे, तसाच नव्याचा हट्ट धरणाऱ्यासही लागू आहे. सम्राट अशोकाच्या लेखांत याचे प्रत्यक्ष आचरण दिसते. गिरनारच्या शिलेवर 'राजा' आहे, तर धौली व कालसी येथे 'लाजा'. सत्ता हाती असूनही सम्राटाने सर्व साम्राज्यावर एकच उच्चार लादला नाही.

परंतु येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. भांड्याला कोणत्याही नावाने हाक मारली तरी भांड्याचे काही बिघडत नाही, माणसाचे बिघडते. म्हणूनच जे तथागत भांड्याच्या नावावरून भांडू नका म्हणतात, तेच माणसाच्या नावाविषयी वेगळी भूमिका घेतात. सुत्तनिपातातील वसलसुत्तात अग्गिकभारद्वाज ब्राह्मण त्यांना दुरूनच 'वसल' म्हणून अडवितो, तेव्हा वसल कोण याची संपूर्ण व्याख्याच ते बदलून टाकतात. जन्माने कोणी वसल होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो. शब्द तोच ठेवून त्यातील जात काढून घेण्याचे हे कार्य होते. चालू शब्दाचा मान राखणे आणि चालू शब्दातील अन्याय मान्य करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चालू शब्द निरागस असतात, हा समजही खरा नाही. अशोकाची 'देवानंपिय' ही पदवी भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत मूर्ख या अर्थाने नोंदली गेली आहे. यामागे केवळ द्वेषच होता असे म्हणता येणार नाही, कारण पाणिनीच्या ज्या सूत्राखाली ही चर्चा येते ते सूत्रच निंदावाचक समासांचे आहे. परंतु पतंजलीच्या काळापर्यंत आदराने वापरला जाणारा शब्द पुढे उपहासाचा झाला, ही घसरण नाकारता येत नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ. सर्व पासंडांचा आदर करावा असे तो लेख सांगतो. आज 'पाखंड' म्हणजे ढोंग. 'थेर' म्हणजे ज्येष्ठ, आदरणीय भिक्खू. त्याच शब्दापासून आलेला मराठीतील 'थेरडा' म्हणजे नकोसा म्हातारा. हे शब्द घसरले तेव्हा भाषा बिघडल्याची ओरड झाली नाही. ती होते, शब्द वर चढू लागतात तेव्हा.

शब्द बदलल्याने काय बदलते?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण एका अर्थी तो आपलाही आक्षेप आहे. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेब व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. शब्द गोड होता. पण ज्यांना तो लावावयाचा त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि गोड शब्दाखाली अस्पृश्यता तशीच राहणार होती. या शब्दाचा वापर करू नये अशा सूचना केंद्र शासनाने १९८२ साली दिल्या. चव्वेचाळीस वर्षे जावी लागली.

मग 'जयभीम' आणि 'हरिजन' यांत फरक काय? दोन्ही नवेच शब्द. फरक असा की, एक शब्द वरून दिला गेला आणि दुसरा खालून घेतला गेला. 'जोहार' करताना माणूस वाकत असे. कामठीचे बाबू हरदास यांच्या प्रयत्नांनी प्रसार पावलेले 'जयभीम' म्हणताना तो ताठ उभा राहतो, आणि समोरचाही तोच शब्द परत देतो. अभिवादन सारखेच उलट येते, ही त्यातील समता आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आधी कृती घडली, शब्द तिच्यामागून आले. 'कैलासवासी' सुटले ते कैलासावरील श्रद्धा सुटली म्हणून. कृती न करता दिलेला शब्द हे पांघरूण असते. कृतीनंतर आलेला शब्द ही तिची नोंद असते. तिसऱ्या आक्षेपाला हे उत्तर आहे.

याच कसोटीवर आजचे वाद पाहावेत. २०१८ साली केंद्रीय मंत्रालयांनी 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' हा शब्द वापरावा असे सुचविले. आपल्यातील पुष्कळांना 'बौद्ध' हीच ओळख हवी आहे आणि 'दलित' नको आहे. परंतु एका चळवळीने स्वतः उचललेला शब्द परिपत्रकाने मागे घेता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच आहे. मात्र 'महारवाडा' जाऊन 'समतानगर' आले आणि पाण्याची वाट पूर्वीचीच राहिली, तर १९३८ चा आक्षेप तेथेही लागू होईल. शासकीय योजनांच्या नावांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हा शब्दप्रयोग अजून आहे. सवलतीच्या अर्जापुरती त्याची उपयुक्तता समजू शकते. पण दीक्षेनंतर जन्मलेल्यांची नातवंडे आज शाळेत आहेत. त्यांना किती पिढ्या 'नव' म्हणावयाचे?

आपल्या घरातील चीड

आता स्वतःकडे वळू. पालीचे आपले काही अभ्यासक 'भंतेजी' ऐकले की कपाळाला आठ्या घालतात. 'भंते' हे संबोधन आहे, त्याला 'जी' कशाला, आणि 'भंतेंनी सांगितले' अशी विभक्ती तरी कशी लागते, असा त्यांचा प्रश्न. पण 'भंते' हाच 'भदंत' शब्दाचा झिजून झालेला आकार आहे. झिजलेल्या शब्दाला मराठीने आपल्या सवयीने 'जी' जोडला, यात अनादर कोठे आहे? 'विहार' म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. आपल्या बहुतेक विहारांत भिक्खू राहत नाहीत, तेथे वंदना होते, अभ्यासिका चालते, बैठका होतात. हा अर्थबदल आपण कोणाची परवानगी न घेता केला आणि तो योग्यच होता.

'कालकथित' हा शब्द याहून अवघड आहे. पालीत 'कालकत' आहे. 'कत' म्हणजे केलेला, 'कथित' म्हणजे सांगितलेला. शब्द ऐकण्यातून चुकीच्या वळणाने रूढ झाला, हे व्याकरणदृष्ट्या खरे आहे. ही व्युत्पत्ती पालीच्या वर्गात अवश्य शिकवावी. परंतु दुःखात असलेल्या कुटुंबाने छापलेल्या पत्रकातील हा शब्द दाखवून हसणारा विद्वान, यमेळ-केकुटांच्या पंक्तीला बसतो. त्या कुटुंबाने स्वर्गाचा आधार न घेता मृत्यूचे नाव घेतले आहे. एवढे मोठे पाऊल टाकणाऱ्याच्या अक्षरात एक काना-मात्रा चुकली, तर आपण पाऊल पाहावे.

याचा अर्थ सर्वच चालवून घ्यावे असा नाही. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' याऐवजी 'धम्मचक्र परिवर्तन दिन' असे फलकांवर सर्रास दिसते. 'धम्मचक्र' हा शब्दही पाली आणि संस्कृत यांचा जोड आहे, आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही, कारण अर्थ शाबूत राहतो. 'परिवर्तना'ने मात्र अर्थच बदलतो. प्रवर्तन म्हणजे चक्र गतिमान करणे. परिवर्तन म्हणजे पालट. चक्राचा पालट झाला नव्हता, थांबलेले चक्र फिरविले गेले होते. जेथे शब्दाबरोबर आशय हरवतो तेथे दुरुस्ती केलीच पाहिजे. जेथे केवळ आपल्या कानाची सवय मोडते तेथे कानाने सवय बदलावी.

ही दुरुस्ती कशी करावी, यावर बरेच अवलंबून आहे. विहारात प्रथमच त्रिसरण म्हणणाऱ्या उपासिकेचा उच्चार सर्वांसमोर खोडून काढला, तर पुढच्या पौर्णिमेला ती येणार नाही. ज्यांच्या बोलीला शाळेने हसून मागे बसविले, त्यांना विहारानेही हसून मागे बसवावे, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही. फलकाचा मजकूर रंगविण्यापूर्वी तपासून द्यावा, वंदनेनंतर बाजूला बसून पद समजावून सांगावे, पालीचे वर्ग वाढवावेत. चीड येणे हा मनाचा एक धर्म आहे. ती कोणत्या शब्दाने आली आणि तो शब्द कोणाच्या तोंडी होता, हे दोन्ही तपासणे ही सम्यक् वाचा आहे.