उडीचा अधिकार : ‘थीफ’च्या नवावतारातील हालचाल-नियंत्रण आणि चाहत्यांची समीक्षा

प्रास्ताविक

संगणकीय खेळांकडे मराठी समीक्षेने कलाकृती म्हणून फारसे पाहिलेले नाही. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थ्यांचा कथात्म अनुभव मात्र आज कादंबरीइतकाच या खेळांतूनही घडतो. त्यामुळे या माध्यमाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. प्रस्तुत लेखात ‘थीफ’ या खेळाच्या 2014 मधील नवावताराविषयी जुन्या चाहत्यांनी घेतलेल्या एका आक्षेपाचा विचार केला आहे. नव्या खेळात उडी मारण्याचे स्वतंत्र बटण नाही, हा तो आक्षेप. वरवर क्षुल्लक वाटणारी ही तक्रार वस्तुतः कलाकृतीच्या घडणीविषयीचे एक गंभीर विधान आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मूळ कृती आणि तिचा नवावतार

‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा खेळ अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओजने 1998 मध्ये प्रसिद्ध केला. गॅरेट नावाचा चोर हा त्याचा नायक. शत्रूला ठार मारण्यापेक्षा त्याच्या नजरेस आणि कानांस न पडणे, हे या खेळाचे सूत्र होते. अंधार आणि आवाज ही त्याची दोन मुख्य द्रव्ये. गालिच्यावरून चालताना पाऊल मुके राहते, तर फरशीवर वा लोखंडी पत्र्यावर ते वाजते आणि पहारेकरी सावध होतो. पाण्याच्या बाणाने मशाल विझविता येते. दोराचा बाण लाकडात रुततो आणि वर चढण्याची वाट निर्माण करतो. 2000 मध्ये दुसरा भाग आला आणि त्याच वर्षी ही संस्था बंद पडली. तिसरा भाग आयन स्टॉर्मने 2004 मध्ये काढला. त्यानंतर आयडॉस मॉन्ट्रिअलने घडविलेला नवावतार फेब्रुवारी 2014 मध्ये आला.

या नवावतारात धावणे, चढणे आणि उडी मारणे या क्रिया एकाच बटणाखाली आणल्या गेल्या. खेळाडू ते दाबून धरतो आणि समोर काय आहे ते पाहून कोणती क्रिया घडवावी, हे संगणक ठरवितो. रचनाकाराने जेथे उडीची जागा योजली असेल तेथेच उडी घडते. दोराचा बाणही नेमून दिलेल्या जागीच रुततो.

आक्षेपाचे स्वरूप

या बदलाचे समर्थन करता येत नाही असे नाही. बटणे कमी झाली की नवख्या खेळाडूला खेळ सुलभ होतो. हालचाल अधिक डौलदार दिसते. गॅरेटचे हात भिंतीला, चौकटीला स्पर्श करताना दिसतात आणि शरीराचा प्रत्यय वाढतो. निष्णात चोर कारण नसताना जागच्या जागी उड्या मारीत नाही, हेही खरे. शिवाय मूळ खेळातील कठड्यावर चढण्याची क्रिया पुष्कळदा ओबडधोबड होती.

चाहत्यांच्या प्रतिक्रियांत स्मरणरंजनाचा भागही होता. गॅरेटला आवाज देणारे स्टीफन रसेल यांच्या जागी नवा नट आला, याविषयीची नाराजी मुख्यत्वे त्या प्रकारची म्हणता येईल. उडीविषयीचा आक्षेप मात्र निराळा आहे आणि तो समजून घेण्यासाठी दोन गोष्टींत भेद करावा लागेल. संदर्भाने क्रियेचे रूप ठरणे ही एक गोष्ट आणि संदर्भाने क्रियेला परवानगी मिळणे ही दुसरी.

‘मिरर्स एज’ (2008) या खेळात वर जाण्याच्या सर्व क्रिया एकाच बटणावर आहेत. तरीही त्याच्या मुक्त हालचालीची वाखाणणी झाली, कारण तेथे उडी केव्हा मारायची हे खेळाडूच ठरवितो. 1998 मध्येच आलेल्या ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये तर नायक कडेवरून धावला की आपोआप उडी घेतो. तो खेळ अभिजात मानला जातो, कारण उडीतील निवड हा त्याचा विषयच नव्हता. ‘थीफ’चा विषय मात्र तोच होता. ही उडी घ्यावी काय, पलीकडे पत्रा आहे की गवत, आवाज पहारेकऱ्यापर्यंत जाईल काय, अंदाज चुकला तर काय, या क्षणभराच्या तोलण्यातच त्या खेळाचा रस होता. जेथे चुकण्याची मुभा नाही तेथे निवडीला अर्थ उरत नाही.

याचा परिणाम वास्तूवरही होतो. कोठेही उडी मारता येत असेल, तर रचनाकाराला प्रत्येक कठडा आणि प्रत्येक छप्पर खरे मानून बांधावे लागते आणि त्याला स्वतःला न सुचलेल्या वाटाही खेळाडू शोधून काढतो. उडी नेमून दिली, की बाकीची भिंत केवळ देखावा उरते. शहर जाते आणि मार्गिका राहते.

संगीत रंगभूमीचा दाखला

आपल्या परंपरेत याला जवळचे एक उदाहरण आहे. ‘संगीत शाकुंतल’पासून (1880) सुरू झालेल्या संगीत नाटकात गायक-नट पद किती खुलवावे, हे पुष्कळदा त्या रात्रीच्या प्रयोगात ठरवीत असे. प्रेक्षकाचा ‘वन्स मोअर’ त्या निर्णयात सहभागी होई. पुढे गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघासारख्या संस्थांनी ही नाटके पुन्हा रंगभूमीवर आणली. रात्रभर चालणारा प्रयोग काही तासांत बसविताना जुन्या नाटकांतील पदांना कात्री लागणे अपरिहार्य होते. अशा वेळी हळहळणाऱ्या रसिकाला केवळ जुन्यात रमणारा ठरविणे अन्यायाचे होईल. प्रयोगात जेथे जिवंत निर्णय घेतला जात होता, नेमकी तीच जागा आकसली, हे तो सांगत असतो. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. नाट्यगृहातील रसिक दाद देतो, तर खेळाडू स्वतःच प्रयोग करतो. त्यामुळे त्याचे नुकसान अधिक थेट असते.

प्रतिक्रिया ही समीक्षा

निर्मात्यांनी चाहत्यांचे ऐकले नाही, असे म्हणता येणार नाही. गुणांक मिळवून पातळी वाढविण्याची पद्धत आणि पडद्यावर सुचविलेले बटण झटपट दाबण्याचे प्रसंग 2013 मध्येच वगळण्यात आले. काठिण्य स्वतः ठरविण्याची तपशीलवार सोयही दिली गेली. परंतु या सोयीत जे साहाय्य आहे ते काढून टाकता येते. जे स्वातंत्र्य नाही ते परत मिळविता येत नाही. उडी हा वरून जोडलेला अलंकार नसून सर्व बांधणीचा पाया असल्याने ती नंतर बहाल करणे शक्य नव्हते.

काही चाहत्यांची समीक्षा शब्दांपुरती राहिली नाही. या नवावताराच्या कितीतरी आधी, 2009 मध्ये, ‘डूम 3’च्या यंत्रणेवर हौशी मंडळींनी ‘द डार्क मॉड’ हा विनामूल्य खेळ उभा केला. 2013 मध्ये तो स्वतंत्रपणे खेळता येऊ लागला. उडी, कठड्यावरची चढाई आणि लाकडात रुतणारा दोराचा बाण त्यात जपलेले आहेत. परंपरेतील मर्म कोणते आणि उपचार कोणता, याचा हा कृतीतून दिलेला निवाडा आहे.

समारोप

नवावतार मूळ कृतीशी तंतोतंत इमान राखो, अशी अपेक्षा कोणताही जाणता समीक्षक करणार नाही. परंतु मूळ कृतीचा अर्थ ज्या घटकात वसतो तो ओळखण्याची जबाबदारी नवावतार घडविणाऱ्यावर असते. साहित्यात हा घटक शब्दांत असतो, नाटकात प्रयोगात. खेळात तो खेळाडूला दिलेल्या क्रियापदांत असतो. म्हणून खेळाची समीक्षा कथानक आणि चित्रसौंदर्य यांपाशी थांबून चालणार नाही. विद्यार्थी एखाद्या बटणाविषयी तक्रार करतो, तेव्हा त्याच्या हातून कोणता निर्णय काढून घेतला गेला, हे विचारणे हे आपले काम आहे. त्या प्रश्नाचे नेमके उत्तर देऊ लागलेला विद्यार्थी समीक्षा करू लागलेला असतो.