शिळेवरील अर्धी नाटिका

धारच्या भोजशाला–कमाल मौला मशीद या वास्तूच्या वादात जिची साक्ष वारंवार काढली जाते, ती 'पारिजातमंजरी' नाटिका मात्र क्वचितच वाचली जाते. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये तिची कोरीव शिळा याच वास्तूत आढळली. राजगुरू मदनाने परमार राजा अर्जुनवर्मा याच्यासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या या चार अंकी नाटिकेचे दोनच अंक उपलब्ध आहेत. तिचा प्रयोग धारानगरीतील शारदेच्या मंदिरात योजला होता, असे प्रस्तावनेवरून कळते. नायक तर साक्षात भोजाचा अवतार ठरतो. धारेत शारदामंदिर होते, याला हा भक्कम आधार आहे. ते नेमके याच जागी होते का, हे मात्र नाटिका सांगत नाही. 'भोजशाला' हे नावही तिच्यात नाही. ते लेले यांच्या काळात रूढ झाले.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ मध्ये येथे पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले. जागेचा निवाडा न्यायालयाने करावा. संहितेचा अर्थ लावणे हे वाचकाचे काम आहे. हुल्ट्श यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात ती छापली आहे. बागली–देवासच्या मराठी वाचकांनी तरी मत बनवण्याआधी ती वाचावी.