अयूबखान आणि लोकमत : तीन ग्रंथांच्या साक्षीची तपासणी

लष्कराच्या बळावर राज्य घेतलेला पुरुष पुढें अध्यक्ष म्हणवूं लागला, म्हणजे त्याच्या राज्यास लोकांची संमति होती कीं नव्हती हा प्रश्न इतिहासलेखकापुढें हटकून उभा राहतो. पाकिस्तानचा पहिला लष्करी राज्यकर्ता महंमद अयूबखान याच्याविषयीं या प्रश्नाचीं दोन ठरीव उत्तरें दिलीं जातात. एक असें कीं, १९५८ पासून दहा वर्षें लोक त्याच्या पाठीशीं होते. शेवटच्या पांच महिन्यांत कांहीं असंतुष्ट पुढाऱ्यांनीं व विद्यार्थ्यांनीं त्यांस बहकविलें. दुसरें असें कीं, लोक पहिल्यापासूनच विरुद्ध होते. केवळ बंदुकीच्या धाकानें गप्प बसले होते. आमच्याकडील वाचकांत आणखी एक तिसरें उत्तर रूढ आहे, तें म्हणजे त्या देशाच्या लोकांस लष्करी अंमलच मानवतो. हीं तिन्ही उत्तरें साधनांच्या कसोटीस उतरत नाहींत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) साधनांची योग्यता

पहिलें साधन म्हणजे खुद्द अयूबखानाचें ‘फ्रेंड्स नॉट मास्टर्स’ हें आत्मचरित्र. तें १९६७ सालीं, ग्रंथकर्ता अध्यक्षपदावर असतांना प्रसिद्ध झालें. दुसरें साधन अल्ताफ गौहर यांनीं लिहिलेलें व १९९३ सालीं निघालेलें अयूबचरित्र. गौहर हे अयूबखानाच्या कारकीर्दींत माहिती खात्याचे सचिव होते. आत्मचरित्राच्या लेखनांतहि त्यांचा हात होता असें सामान्यतः मानलें जातें. तिसरें साधन अयूबखानाची रोजनिशी. ती सप्टेंबर १९६६ पासून १९७२ पर्यंतची असून क्रेग बॅक्स्टर यांनीं संपादिली व २००७ सालीं प्रकाशांत आली.

या तिहींची योग्यता सारखी नाहीं. अधिकारारूढ पुरुषाचें आत्मचरित्र ताम्रपटांतील प्रशस्तीप्रमाणें वाचावें लागतें. ताम्रपटांतील तिथि, दान आणि गांवाच्या चतुःसीमा आपण प्रमाण मानतों; शत्रूंचीं मस्तकें तुडविल्याचीं वर्णनें मात्र मीमांसकांच्या परिभाषेंत अर्थवाद समजून बाजूस ठेवतों. गौहर यांची साक्ष घरांतल्या माणसाची आहे; तींत जिव्हाळा आहे, पण मालक हयात नसतांना दिलेली असल्यामुळें मोकळेपणाहि आहे. रोजनिशी ही लिहिणाराच्या मनाविषयीं उत्तम प्रमाण होय. लोकांच्या मनाविषयीं ती प्रमाण नव्हे. हा भेद न पाळल्यामुळेंच पुष्कळ घोटाळा झाला आहे.

(२) १९५८ चें स्वागत

त्या सालीं लोकांनीं अयूबखानाचें स्वागत केलें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. लियाकत अलींचा खून ऑक्टोबर १९५१ मध्यें झाला. तेव्हांपासून सात वर्षांत सहा मुख्य प्रधान झाले. सप्टेंबर १९५८ मध्यें ढाक्याच्या विधिमंडळांत दंगल होऊन उपसभापति शाहीद अली जखमी झाले व त्यांतच दगावले. ७ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यानें १९५६ ची राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला आणि २७ ऑक्टोबर रोजीं अयूबखानानें मिर्झालाच दूर करून अध्यक्षपद घेतलें. या बदलाचें स्वागत करणारांत जीनांच्या भगिनी, एके काळीं मुंबईंत दंतवैद्यकाचा व्यवसाय केलेल्या फातिमाबाई, याहि होत्या. साठेबाजांस शासन झालें, बाजारभाव उतरले, कचेऱ्यांत वेळेवर कामें होऊं लागलीं. लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला यांत नवल नाहीं.

पण हा निःश्वास कशाबद्दलचा होता? जुन्या पुढाऱ्यांच्या कलहांतून सुटल्याबद्दलचा. नव्या धन्यास दहा वर्षांची सनद दिल्याचा अर्थ त्यांतून निघत नाहीं. येथें आत्मचरित्रच आपल्याविरुद्ध साक्ष देतें. ऑक्टोबर १९५४ मध्यें लंडनच्या एका हॉटेलांत बसून लिहिलेलें राज्यव्यवस्थेचें टिपण अयूबखानानें त्यांत छापलें आहे. लोकांच्या प्रकृतीस झेपेल अशी नियंत्रित लोकशाही असावी, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे १९५८ चें पाऊल निरुपायानें टाकलें असें म्हणणाराच्या दप्तरांत चार वर्षांपूर्वींचा आराखडा तयार होता! शिवाय १९५९ च्या आरंभीं सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती. लोकांचा कौल कळण्याचा जो दिवस ठरत आला होता, तोच या बदलानें टळला.

न्यायासनानेंहि त्या वेळीं यशाचीच बाजू घेतली. २७ ऑक्टोबर १९५८ रोजींच पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें डोसो खटल्यांत, यशस्वी झालेली क्रांति ही स्वतःच कायद्याचें मूळ होते, असा निर्णय दिला. तो निर्णय त्याच न्यायालयानें १९७२ सालीं, म्हणजे अयूबखान व त्याचा वारस दोघेहि पायउतार झाल्यावर, चुकीचा ठरविला.

(३) मौनाचा अर्थ

१९५९ ते १९६४ या काळांत विरोधाची नोंद थोडी सांपडते. यावरून विरोध नव्हता असें अनुमान अयूबखानाचे चाहते काढतात. येथें आपल्या शास्त्रकारांनीं घालून दिलेला एक नियम उपयोगीं पडतो. घट दिसत नाहीं म्हणून घट नाहीं, असें केव्हां म्हणतां येतें? घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिति असेल तेव्हां. उजेड असावा, डोळे उघडे असावेत, मध्यें भिंत नसावी. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलींत घट न दिसणें हें घट नसल्याचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

आतां खोलींत उजेड किती होता तें पाहूं. एप्रिल १९५९ मध्यें ‘पाकिस्तान टाइम्स’ व ‘इमरोज’ हीं पत्रें चालविणारी संस्था सरकारनें ताब्यांत घेतली. त्याच वर्षीं निघालेल्या हुकमान्वयें अनेक जुने पुढारी निवडणुकीस अपात्र ठरले. राजकीय पक्ष १९६२ पर्यंत बंद होते. १९६४ सालीं प्रेस ट्रस्ट स्थापून आणखी पत्रें सरकारच्या छायेखालीं आणलीं गेलीं. अशा काळांतील वृत्तपत्रांच्या मौनावरून लोकमताविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. संमति नाहीं आणि विरोधहि नाहीं.

राहिला १९६० चा कौल. ‘बुनियादी लोकशाही’च्या योजनेनें दोन्ही विभागांतून प्रत्येकीं ४०,००० असे ८०,००० सभासद निवडले गेले. १४ फेब्रुवारी रोजीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, अध्यक्षावर तुमचा विश्वास आहे कीं नाहीं? दुसरा उमेदवार नव्हता. शेंकडा ९५ हून अधिक मतें अनुकूल पडलीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत गेलें आहे. वर्गांतील कारभारी मुलांनाच बोलावून, वर्ग आमच्यावर खूष आहे ना, असें विचारलें तर काय उत्तर मिळतें हें आम्हांस ठाऊक आहे. मुलें खोटें बोलतात असें नव्हे. ज्या अधिकारामुळें तीं पुढें उभीं आहेत, तो त्यांस सोडवत नाहीं इतकेंच. पुढें १९८४ सालीं झिया-उल-हक यानें व २००२ सालीं परवेझ मुशर्रफ यानें सार्वमतें घेतलीं. त्यांचे सरकारी आंकडेहि शेंकडा ९५ च्या वरच आहेत. त्यांवरून लोकमत ठरवितां येत नाहीं.

(४) पहिला कवडसा

लष्करी कायदा जून १९६२ मध्यें उठला, पक्ष पुन्हा उभे राहिले, आणि २ जानेवारी १९६५ च्या निवडणुकींत प्रथमच खऱ्या अर्थानें दुसरा उमेदवार उभा राहिला. १९५८ सालीं ज्यांनीं स्वागत केलें होतें, त्याच फातिमाबाई आतां एकवटलेल्या विरोधी पक्षांच्या वतीनें उभ्या होत्या. अयूबखानाची निशाणी गुलाब, त्यांची कंदील. मतदार बुनियादी लोकशाहीच्या योजनेनें निवडलेले ८०,००० कारभारीच. तरीहि अयूबखानास सुमारे ५०,००० व फातिमाबाईंस सुमारे २८,७०० मतें पडलीं. पश्चिम विभागांत शेंकडा सुमारे ७३ मतें मिळविणारा अध्यक्ष पूर्व विभागांत ५३ वर आला. कराची व ढाका हीं शहरें त्याच्या हातून गेलीं.

आमच्या मतें सर्व कारकीर्दींतील लोकमताचें हेंच सर्वांत मोलाचें साधन होय. इतक्या आंखलेल्या मतदारसंघांतहि पूर्वेकडील जवळजवळ निम्मे लोक उलट गेले, तर त्याबाहेरील सामान्य जनांत काय स्थिति असेल, हें अनुमान सोपें होतें. अध्यक्षानें तें केलें नाहीं. त्यानें बेरीज पाहिली, फोड पाहिली नाहीं.

(५) उतार

सप्टेंबर १९६५ च्या युद्धांत अयूबखानामागें लोक एकवटले, हें खरें. सतरा दिवस सरकारी प्रचारानें विजयाचीच वार्ता दिली. मग १० जानेवारी १९६६ रोजीं ताश्कंद येथें लालबहादूर शास्त्री यांच्याबरोबर करार झाला. सैन्यें पूर्वस्थळीं परतावयाचीं ठरलीं, काश्मीरचें कांहींच बदललें नाहीं. जिंकलों असें ज्यांना सांगितलें होतें, ते विचारूं लागले कीं जिंकलों तर मिळालें काय? लाहोरांत विद्यार्थी रस्त्यावर आले. वर्तमानपत्रें मुठींत ठेवण्याची नीति येथें उलटली, कारण कारण सांगणारा विश्वासू मध्यस्थच उरला नव्हता. १९६७ च्या आत्मचरित्रांत या युद्धाचा सविस्तर जाब नाहीं, आणि हा जो लोकांचा प्रश्न, त्याला उत्तरहि नाहीं.

पूर्वेस वेगळाच हिशेब झाला. युद्धांत आपलें रक्षण कोणी केलें, असें तिकडील लोकांनीं विचारलें. फेब्रुवारी १९६६ मध्यें मुजीबुर रहमान यांनीं सहा कलमें मांडलीं. जूनमध्यें भुट्टो मंत्रिमंडळांतून गेले. १९६८ सालीं अर्थशास्त्रज्ञ महबूब-उल-हक यांनीं उद्योगधंद्यांचा दोनतृतीयांश भाग २२ घराण्यांच्या हातीं असल्याचें जाहीरपणें मांडलें. त्याच सालीं ‘विकासाचें दशक’ साजरें होत होतें आणि साखर महागली होती. ७ नोव्हेंबर रोजीं रावळपिंडीस गोळीबारांत एक विद्यार्थी पडला; २० जानेवारी १९६९ रोजीं ढाक्यास दुसरा. फेब्रुवारींत आगरतळा खटला मागें घ्यावा लागला. एकमेकांपासून हजार मैल दूर असलेले दोन्ही विभाग एकाच माणसाविरुद्ध उठले.

रोजनिशी या काळाचीच आहे. तींत भुट्टो, बंगाली पुढारी, विद्यार्थी या सर्वांवर कडक शब्द आहेत. कृतघ्नतेचें दुःखहि खरें दिसतें. परंतु लोकांचें मन कळण्याचीं दारें आपणच बंद केलीं होतीं, हा विचार त्या मानानें फार थोडा आढळतो. गौहर यांच्या ग्रंथांतून मात्र सल्लागारांच्या वर्तुळांत कोंडलेला राज्यकर्ता पुष्कळ स्पष्ट दिसतो.

शेवटचा पुरावा कृतीचा आहे. अयूबखानानेंच दिलेल्या १९६२ च्या घटनेप्रमाणें अध्यक्षपद रिकामें झाल्यास कारभार राष्ट्रीय सभेच्या सभापतीकडे जावयाचा होता. २५ मार्च १९६९ रोजीं त्यानें तो सेनापति याह्याखानाच्या हवालीं केला. आपल्या घटनेमागें लोक उभे आहेत, असा त्याचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता.

(६) निष्कर्ष

लोकांचा पाठिंबा १९५८ सालीं होता, पण तो सुटकेचा होता. १९६० सालीं तो मोजलाच गेला नाहीं. १९६५ च्या आरंभीं तो पूर्वेकडे निम्म्यावर आल्याचें दिसलें, सप्टेंबरांत युद्धानें वाढला, ताश्कंदनंतर ओसरला व १९६९ मध्यें संपला. पुढें त्याच अयूबखानाचें चित्र पाकिस्तानांतील मालमोटारींच्या पाठीवर, तो गेल्यावर त्याची आठवण आली अशा अर्थाच्या ओळीसह रंगविलेलें दिसूं लागलें. हीहि एक साक्षच आहे, पण ती नंतरच्या राज्यकर्त्यांविषयींची आहे. १९५८ किंवा १९६० चें लोकमत ठरवावयास तिचा उपयोग नाहीं.

राहिलें आमच्याकडील तिसरें उत्तर. ज्या लोकांनीं लष्करी अध्यक्षास रस्त्यावर येऊन जावयास लावलें, आणि डिसेंबर १९७० मध्यें प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक मिळतांच आपला स्पष्ट कौल दिला, त्यांस लष्करी अंमल प्रकृतीनेंच मानवतो असें म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय होय. तो कौल मानला गेला नाहीं व वर्षभरांत देशाचे दोन तुकडे झाले, हा दोष मत देणारांचा नाहीं. शेजाऱ्याचें मौन ऐकून त्याचा स्वभाव ठरविण्यापूर्वीं त्याच्या घरांत दिवा होता कीं नव्हता, एवढें पाहण्याचें कष्ट तरी संशोधकानें घेतले पाहिजेत.