५७ ग्रंथींचा हिशेब

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. पोट फुगणे, चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, ही लक्षणे इतकी साधी असतात की निदान होईपर्यंत बहुसंख्य स्त्रियांमध्ये रोग उदरपोकळीभर पसरलेला असतो. इतर बऱ्याच कर्करोगांत रोग असा पसरल्यावर मोठी शस्त्रक्रिया करण्याचे टाळतात. येथे मात्र ती करतात. गर्भाशय, दोन्ही अंडाशये, आतड्यांवर पदरासारखे लोंबणारे वपाजाल, गरज पडल्यास आतड्याचा तुकडा किंवा प्लीहासुद्धा काढतात. डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढावी आणि न दिसणाऱ्या पेशींचा समाचार प्लॅटिनमयुक्त औषधांनी घ्यावा, असा हा विचार आहे.

या विचाराला आकड्यांचे बळ मिळाले ते १९७५ साली. ग्रिफिथ्स या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १०२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेनंतर पोटात काहीच न उरलेल्या स्त्रिया सरासरी ३९ महिने जगल्या होत्या. दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ उरलेल्या केवळ ११ महिने. त्यानंतर पुढे झालेल्या अनेक पाहण्यांतही हेच दिसले. जितके कमी उरेल तितके आयुष्य अधिक, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

आकडे खरे आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा वर्गाचे उदाहरण घेऊ. वर्गातली हुशार मुले निवडून त्यांचे जादा तास घेतले आणि त्यांचा निकाल इतरांपेक्षा चांगला लागला, तर श्रेय तासांचे की निवडीचे? शिक्षकांना हे सांगायला नको. तसेच येथे. ज्या रुग्णाचा कर्करोग मुळातच कमी आक्रमक, त्याच्या गाठी सुट्या, सहज निघणाऱ्या असू शकतात. जी रुग्ण धडधाकट, तिच्यावर आठ-आठ तासांची शस्त्रक्रिया करण्याचे धाडस होते. मग ती अधिक जगली ते चाकूमुळे की मूळच्या प्रकृतीमुळे, हे नुसत्या नोंदी चाळून ठरत नाही.

याचा कस लागला तो लसीकाग्रंथींच्या बाबतीत. कर्करोगाच्या पेशी लसीकावाहिन्यांतून कटिप्रदेशातल्या आणि महारोहिणीलगतच्या ग्रंथींत जातात. पोट स्वच्छ केल्यावर या ग्रंथी वरवर निरोगी दिसल्या तरी सगळ्या काढाव्यात, अशी पद्धत अनेक मोठ्या रुग्णालयांत पडली होती. तिला आधारही होता. जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने तीन जुन्या औषध-चाचण्यांतील नोंदींचे विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले. पोटात दिसणारी गाठ न उरलेल्या स्त्रियांमध्ये ग्रंथी काढलेल्यांच्या आयुर्मानाचा मध्यक १०३ महिने होता, न काढलेल्यांचा ८४. (मध्यक म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याहून अधिक काळ जगल्या.) दीड वर्षाहून अधिक फरक! एवढ्यावर थांबून ग्रंथी काढत राहणे सोपे होते. पण ग्रंथी कोणाच्या काढल्या हे त्या नोंदींत शल्यचिकित्सकांनीच ठरवलेले होते. म्हणजे पुन्हा शिष्यवृत्तीचा वर्ग.

याच संशोधकांच्या गटाने २००८ च्या अखेरीस खरी चाचणी सुरू केली होती, आणि आमच्या मते या विषयातले सर्वांत कौतुकास्पद काम तेच आहे. तिचे नाव 'लायन'. भाग घेणाऱ्या ५२ केंद्रांना आपले कौशल्य आधी सिद्ध करावे लागले. शस्त्रक्रिया चालू असताना, दिसणारी प्रत्येक गाठ निघाली आहे आणि ग्रंथी हाताला मोठ्या लागत नाहीत याची खात्री झाल्यावर, त्या क्षणी चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे ठरायचे, की या स्त्रीच्या ग्रंथी काढायच्या की ठेवायच्या. निवड शल्यचिकित्सकाच्या हातून काढून घेतली, हीच त्यातली मेख. एकूण ६४७ स्त्रिया दोन जवळजवळ समान गटांत विभागल्या गेल्या.

निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी काढलेल्या गटात आयुर्मानाचा मध्यक ६५.५ महिने, न काढलेल्या गटात ६९.२, हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य. फायदा शून्य. किंमत मात्र शून्य नव्हती. पोट पुन्हा उघडावे लागण्याचे प्रमाण १२.४ टक्के, दुसऱ्या गटात ६.५. साठ दिवसांच्या आत मृत्यू ३.१ टक्के, दुसऱ्या गटात ०.९. साध्या भाषेत सांगायचे तर एकीकडे दहा स्त्रिया, दुसरीकडे तीन.

यातला एक आकडा आम्हाला फार बोलका वाटतो. काढलेल्या ग्रंथींच्या संख्येचा मध्यक ५७ होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्या गटातील ५५.७ टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत खरोखरच कर्करोग सापडला. म्हणजे शल्यचिकित्सकांचा तर्क चुकला नव्हता! रोग तेथे होता, तो काढलाही, तरीही आयुष्य वाढले नाही. बहुधा या स्त्रियांचे भवितव्य ग्रंथींतला रोग ठरवत नाही, उदरावरणावर पसरलेला रोग ठरवतो. स्तनाच्या कर्करोगात बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली सुरू केलेल्या चाचणीनेही असाच धक्का दिला होता: स्नायूंसकट सर्व काही खरवडून काढणाऱ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नव्हते.

मग मूळ सूत्राचे काय? मुद्दाम गाठ मागे ठेवून चाचणी घेणे कोणालाही मान्य होणार नाही. पण आडवाटेने एक चाचणी झाली. एका गटात आधी शस्त्रक्रिया, मग औषधे. दुसऱ्यात आधी औषधांनी गाठी लहान करून मग शस्त्रक्रिया. युरोपातील या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. पहिल्या गटात सुमारे एक पंचमांश स्त्रियांचेच पोट पूर्ण स्वच्छ झाले, दुसऱ्यात निम्म्यांचे. सूत्र शब्दशः खरे असते तर दुसरा गट कितीतरी अधिक जगायला हवा होता. मध्यक होते २९ आणि ३० महिने. गंमत अशी, की दोन्ही गटांत स्वच्छ पोटाच्या स्त्रियाच अधिक जगल्या. वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांपुढे हे कोडे ठेवून पाहावे. एक तासभर वर्ग गुंतून राहील.

कुशल शल्यचिकित्सकांनी यावर हरकत घेतली, की पहिल्या गटात फक्त एक पंचमांश यश हे हातांच्या कौशल्याचे अपयश आहे. हरकत रास्त होती. म्हणून निवडक, तपासून घेतलेल्या केंद्रांत 'ट्रस्ट' ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ साली मांडले गेले. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यक ५४.३ महिने, आधी औषधे दिलेल्यांचा ४८.३. फरक सहा महिन्यांचा, पण योगायोगाची शक्यता नाकारता येईल इतका पक्का नाही. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मात्र पहिल्या गटात अधिक होता. दोन्ही बाजूंचे लोक आता याच आकड्यांचा हवाला देतात.

'लायन'चा निकाल फक्त त्याच स्त्रियांना लागू होतो, ज्यांचे पोट पूर्ण स्वच्छ झाले आणि ज्यांच्या ग्रंथी निरोगी दिसत होत्या. फुगलेल्या ग्रंथी आजही काढतात. रोग पहिल्या अवस्थेत असल्यासारखा दिसतो, तेव्हा तो कुठवर गेला आहे हे पाहण्यासाठी ग्रंथी काढाव्यात का, हा प्रश्न या चाचणीने विचारलेलाच नव्हता.