टक्केवारीच्या आधी यादी: ऑर्नित शानी यांचं पुस्तक वाचताना



'पेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय' असे मेसेज सध्या बरेच येतायत. राज्यशास्त्रवाल्यांकडून त्यात एक विषय हमखास येतो: 'लोकशाहीतील मतदानाचे महत्त्व: अमुक तालुक्याचा विशेष अभ्यास'. विषय वाईट नाही, पण त्यात प्रश्नच नाही. मतदान महत्त्वाचं आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, मग शोधायचं काय उरलं? शंभर लोकांना प्रश्नावली द्यायची, नव्वद जण 'हो, महत्त्वाचं आहे' म्हणणार, आणि पाचव्या प्रकरणात आपण तेच निष्कर्ष म्हणून लिहिणार.

हाच विषय प्रश्नात कसा बदलता येतो हे बघायचं असेल तर ऑर्नित शानी यांचं 'हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक' वाचा. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं २०१८ मध्ये काढलेलं आहे. शानी इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठात शिकवतात. पुस्तक मला आवडलं, आणि काही ठिकाणी पटलं नाही. दोन्ही सांगते.

शानी 'भारतात लोकशाही का टिकली' हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवतात. त्या विचारतात, मतदारांची यादी कुणी केली, कशी केली? ऐकायला कारकुनी वाटतं, पण आकडे बघा. १९३२ मध्ये लोथियन समितीनं प्रौढ मताधिकार भारतात प्रशासकीयदृष्ट्या शक्य नाही असं सांगितलं होतं. १९३५ च्या कायद्यानं साधारण तीन कोटी लोकांना मत मिळालं, तेही मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटींवर. आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावं होती. मधल्या काळात फाळणी झालेली, निर्वासितांचे लोंढे चालू, शेकडो संस्थानं विलीन होतायत आणि बहुतांश लोकांना लिहिता-वाचता येत नाही.

पुस्तकाचा कणा म्हणजे तारखा. निवडणूक आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला. राज्यघटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला. यादीची तयारी मात्र नोव्हेंबर १९४७ पासूनच, घटना समितीच्या सचिवालयात सुरू झाली होती. म्हणजे नागरिक कोण हे कायद्यानं ठरायच्या आधीच लोक मतदार म्हणून नोंदवले जात होते! मग निर्वासितांचं काय? अट होती १८० दिवसांच्या वास्तव्याची, आणि कालपरवा सीमा ओलांडून आलेल्या माणसाकडे ती पूर्ण करायला दिवसच नव्हते. सचिवालयानं मार्ग काढला: इथेच कायम राहायचा इरादा आहे एवढं जाहीर करा, नाव घेतो. हा निर्णय खाली सगळीकडे नीट पोचला नाही. आसामसारख्या ठिकाणी निर्वासितांच्या संघटनांना पत्रांवर पत्रं लिहावी लागली, आणि दिल्लीहून त्यांना उत्तरंही गेली. शानींचा दावा असा की या पत्रव्यवहारातूनच लोकांना आणि अधिकाऱ्यांनाही प्रौढ मताधिकार म्हणजे काय ते कळत गेलं. घटना लिहून होण्याआधीच लोक तिच्या मसुद्यातल्या कलमांचा हवाला देऊन हक्क मागत होते.

इथपर्यंत पुस्तक भक्कम आहे. माझी पहिली तक्रार त्याच्या साधनांविषयी आहे. पुरावा मुख्यतः निवडणूक आयोगाच्या दप्तरातल्या फायलींमधून येतो. फाईल लिहितो अधिकारी, आणि तो स्वतःला फारसा वाईट दिसू देत नाही. पत्र लिहितो तो, ज्याला लिहिता येतं किंवा ज्याच्या पाठीशी संघटना आहे. त्यामुळे वाचताना चित्र उभं राहतं ते तत्पर सचिवालयाचं आणि जागरूक पत्रलेखकाचं. जे गप्प राहिले ते फाईलमध्येच नाहीत.

याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण बायकांचं आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालात ते आलंय. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या. (आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायची, त्यासाठी उखाणा होता. तिथे परक्या माणसाला स्वतःचंच नाव सांगायचं नव्हतं.) आयोगानं या नोंदी यादीतून काढल्या.

आता यावर काय म्हणायचं? 'बायको' म्हणून नोंदवली असती तर मत मिळालं असतं, पण तिचं ते मत नवऱ्याच्या नावाला टांगलेलं राहिलं असतं, १९३५ च्या कायद्यात अनेकींचं होतं तसंच. माझ्या मते आयोगाचं तत्त्व बरोबर होतं. पण एका व्यक्तीला व्यक्ती मानायचं म्हणून तिलाच यादीबाहेर ठेवलं, हेही तितकंच खरं. साडेतीन टक्के. या बायकांना आपलं नाव काढल्याचं कळलं तरी का, कुणी सांगितलं, घरात काय बोलणं झालं, हे कुठल्याही फाईलमधून कळायची सोय नाही. लोकशाही कशी घडली याची गोष्ट यादीत आलेल्यांच्या बाजूनं सांगितली की ती यशाचीच होणार.

दुसरी तक्रार आपल्या मातीतली आहे. पुस्तकाचा सगळा भर १९४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांवर आहे. त्यामुळे प्रौढ मताधिकार ही सचिवालयानं राबवलेली कल्पना वाटू लागते. पण बाबासाहेब आंबेडकर १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी उभे राहिले होते, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. औंध संस्थाननं १९३९ मध्येच गावांच्या हाती कारभार देणारी घटना स्वीकारली होती. शानी म्हणतील, मागणी आणि अंमलबजावणी वेगळ्या गोष्टी आहेत. मान्य. पण यादी करायला निघालेल्या अधिकाऱ्यांना 'प्रत्येक प्रौढ' हे शब्द कुठून मिळाले, याचं उत्तर अंमलबजावणीच्या फायलीत सापडणार नाही.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे येते. तुम्ही सगळे मतदानाची टक्केवारी वापरता. तिचा छेद काय असतो? गावातले सगळे प्रौढ नव्हे, यादीतली नावं. समजा यादीत १००० नावं आहेत आणि ६०० जणांनी मतदान केलं: ६० टक्के. त्यातली मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची १०० नावं काढा. मतदान तेवढंच, टक्केवारी ६६.७. एकही जादा माणूस केंद्रावर आला नाही आणि 'जागृती वाढली' असं प्रकरण मात्र लिहून तयार! उलटही होतं. घर बदललेल्यांची जुनी नावं यादीत तशीच राहिली तर 'शहरी मतदार उदासीन' हे वाक्य फुकटात मिळतं. मुंबईविषयी दर निवडणुकीनंतर ते छापून येतं. उदासीनता असेलही, पण आधी छेद तपासा. आणि ज्यांचं नाव कधी लागलंच नाही ते तर या गणितात कुठेच येत नाहीत.

म्हणून यादीवरचा वाद हा किरकोळ तांत्रिक वाद नसतो. २०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे भांडण होतं ते मूळ याच प्रश्नावर: माणूस पात्र आहे हे दाखवायची जबाबदारी त्याची, की तो पात्र नाही हे दाखवायची सरकारची? १९४८ मध्ये निर्वासिताच्या नुसत्या जाहीर करण्यावर नाव घेतलं गेलं, हे शानींच्या पुस्तकातून कळतं. त्या तुलनेवर एक चांगला पेपर होईल.

महाराष्ट्रात काम करणार असाल तर बीडमधलं ऊसतोडीला जाणारं एखादं गाव घ्या. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती, गाळप हंगामाच्या तोंडावर. यादीत नाव गावचं आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर, अशी घरं किती, ती परत आली का, गाडीचा खर्च कुणी केला? किंवा लग्न होऊन आलेल्या मुलींचा माग काढा: माहेरच्या यादीतून नाव कधी गेलं, सासरी कधी लागलं, मधे किती निवडणुका निघून गेल्या. प्रश्नावली छापायच्या आधी एका यादी भागाची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन घरोघरी जा. प्रत्येक बाईच्या नावाखाली वडिलांचं नाव आहे की नवऱ्याचं, तेही टिपून ठेवा.